पडद्यावरचे प्रमाणपत्र

ॲक्युपंक्चर या उपचारपद्धतीस महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान दिले. २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही तिला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. मान्यतेने अधिकार मिळतो, हे आपल्याकडे तत्काळ ध्यानात येते. तिच्यामागून येणाऱ्या जबाबदारीचा विचार मात्र सवडीने होतो.

सुई टोचताच रुग्णास भोवळ येणे हा या चिकित्सकांना अपरिचित अनुभव नव्हे. परंतु समोर कोसळलेल्या माणसास भोवळ आली आहे की त्याचे हृदयच थांबले आहे, याचा निर्णय दहा सेकंदांत करावा लागतो. आणि हृदय थांबलेला माणूसही काही क्षण आचके देत राहतो, त्यास श्वास समजून पुष्कळ जण फसतात. रक्तपुरवठा तुटल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या अवधीत १०८ ची रुग्णवाहिका पुण्या-मुंबईच्या रहदारीतून दारी येईल, अशी आशा कोणी धरावी? दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, आयुर्वेदाचे चिकित्सक या सर्वांचीच ही गोष्ट आहे.

छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम कोवेनहोवेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. (कोवेनहोवेन हे वैद्य नव्हते, विद्युत्-अभियंता होते!) आज सीपीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेस दोन हात पुरतात, ते शिकलेले मात्र हवेत. प्रौढाच्या छातीच्या मध्यभागी निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यावयाचा आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यावयाची. वाचावयास हे सोपे आहे. प्रत्यक्षात दोन मिनिटांत खांदे भरून येतात, दाब उथळ होतो, आणि देणाऱ्यास त्याचा पत्ताही नसतो. फासळी मोडेल या भीतीने नवख्याचा हात तर आरंभापासूनच आखडतो.

अशा क्रियेचे प्रमाणपत्र हल्ली चित्रफीत पाहून, चार प्रश्नांची उत्तरे देऊन आणि शुल्क भरून घरबसल्या मिळू शकते. प्रयोगवहीत सुरेख आकृत्या काढणारा विद्यार्थी प्रयोगशाळेत चंचुपात्र हाती घेताच कसा गोंधळतो, हे ज्यांनी वर्गात पाहिले आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आमचा रोष पडद्यावर नाही. गडचिरोलीच्या चिकित्सकाने केवळ व्याख्यान ऐकण्यासाठी नागपूर का गाठावे? अमेरिकन हार्ट असोसिएशनही सिद्धान्ताचा भाग ऑनलाइन शिकविते. मात्र पुतळ्यावर दाब देऊन दाखविल्याखेरीज प्रमाणपत्र देत नाही, आणि दिलेले दोन वर्षांपुरतेच मानते. आमच्या ॲक्युपंक्चर परिषदेने आणि इतर वैद्यकीय परिषदांनी हाच दंडक नोंदणीच्या नूतनीकरणास लावावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चार पुतळे आणि महिन्यातून एक दिवस शिकविणारा माणूस ठेवणे शासनास जड जाऊ नये. तोवर ज्यांनी केवळ पडद्यावरून प्रमाणपत्र मिळविले आहे, त्यांनी ते भिंतीवर टांगण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयातील एखाद्या पुतळ्यावर दोन मिनिटे हात चालवून पाहावा.