प्रश्नही शॉचे, उत्तरेही शॉची

जॉर्ज बर्नार्ड शॉ (१८५६-१९५०) यांच्याकडे मुलाखतीला जाणाऱ्या वार्ताहराची खरी पंचाईत ही, की समोरचा नाटककार मुळात वृत्तपत्रवालाच होता. डब्लिनहून लंडनला आल्यावर त्यांनी ‘द स्टार’ या सायंदैनिकात टोपणनावाने संगीतसमीक्षा लिहिली. पुढे १८९५ ते १८९८ या काळात ‘सॅटर्डे रिव्ह्यू’साठी नाट्यसमीक्षा केली. बोललेले एक आणि छापून आलेले भलतेच, हा प्रकार कसा घडतो ते त्यांना आतून ठाऊक होते.

त्यावरचा त्यांचा उपाय मासलेवाईक होता. प्रश्न लेखी मागवायचे आणि उत्तरे स्वतः लिहून द्यायची. कित्येकदा तर प्रश्नही त्यांचेच असत. १८९२ साली ‘विडोअर्स हाउसेस’ हे त्यांचे पहिले नाटक रंगमंचावर येण्याच्या सुमारास ‘स्टार’मध्ये त्यांची मुलाखत आली. तिच्यातला मुलाखतकार आणि नाटककार, दोघांचेही संवाद शॉनीच लिहिलेले होते. असा मुलाखतकार अवघड प्रश्न विचारतो, पण नाटककाराला हवा तेवढाच अवघड. बाकीच्या मागण्यांसाठी, म्हणजे स्वाक्षरी द्या, हस्तलिखित वाचा, समारंभाला या, यांसाठी त्यांनी नकाराची छापील कार्डेच करून ठेवली होती.

याचा अर्थ प्रसिद्धीचे वावडे होते असा मुळीच नव्हे. १९२८ साली बोलपट नवा असताना मूव्हीटोनच्या एका लघुपटात ते बागेतून फिरत येतात, कॅमेरा दिसताच आश्चर्य वाटल्याचे दाखवतात, प्रेक्षकांशी गप्पा मारतात आणि मुसोलिनीच्या करड्या चेहऱ्याची नक्कलही करतात. ‘अचानक’ भेटीची तालीम इतकी पक्की, की त्यात वार्ताहराला जागाच उरत नाही!

जगप्रवासात मात्र हा बंदोबस्त चालणार नव्हता. जानेवारी १९३३ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ ब्रिटन’ ही त्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा वार्ताहरांनी त्यांना गाठलेच. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते, त्यामुळे प्रश्नांचा रोख उघड होता. पुढच्याच महिन्यात हाँगकाँगला विद्यार्थ्यांना त्यांनी क्रांतिकारक होण्याचा सल्ला दिला आणि त्यावर वर्तमानपत्रांतून काहूर उठले. मुद्रिते हाती नसली, की शॉचा फटकळपणा असा परभारे मथळ्यात जाऊन बसे.

‘जी.बी.एस.’ नावाचे चक्रम, तोंडाळ पात्र आपणच रचले आहे, हे ते मोकळेपणाने सांगत. वार्ताहरांवरचा त्यांचा राग त्यामुळे निम्माच खरा मानावा लागतो: आपल्या पात्राचे संवाद दुसऱ्याने लिहिलेले त्यांना खपत नसत, एवढेच. चरित्रकारांनाही यातून सूट नव्हती. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चे त्यांचे जुने संपादक फ्रँक हॅरिस शॉचरित्र पुरे होण्याआधीच १९३१ साली वारले; त्या चरित्राची मुद्रिते चरित्रनायकानेच तपासली आणि शेवटी स्वतःचा मजकूर जोडून ते छापायला दिले.