तपासणीतही सोबत हवी

प्रोस्टेट कर्करोगाच्या संशयितासोबत डॉक्टरांच्या खोलीत जवळच्या माणसाला प्रवेश मिळालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा आजार उशिरा लक्षात येऊ शकतो: मे २०२५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना तो झाल्याचे निदान जाहीर झाले, तेव्हा आजार हाडांपर्यंत पोहोचला होता.

रक्ततपासणीत पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीतील प्रथिनाचा आकडा वाढला की घर हादरते. वास्तविक, या ग्रंथीची साधी वाढ किंवा संसर्ग यांनीही तो चढतो. निदान सहसा बायोप्सीनेच पक्के होते. हे नीट न कळल्याने संकोची पुरुष पुढची तपासणी टाळतात. सोबतचा माणूस प्रश्न विचारतो, तारखा सांभाळतो.

रुग्णाची संमती असल्यास नातेवाइकाला आत बसू द्यावे, पुढचे टप्पे मराठीत लिहून द्यावेत, असा आदेश आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांना तातडीने द्यावा. संकोचात दवडलेले महिने उपचार भरून देत नाहीत.