टक्क्यांच्या तराजूत अपंगांचा हक्क

कायदा करावा दिल्लीने आणि त्याची विटंबनाही करावी दिल्लीनेच, हा अजब न्याय ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी उज्जैनकडे दृष्टी वळवावी. हे नगर मराठी माणसास परके नाही. महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले, हे महाकालाच्या दर्शनास जाणारे आमचे वाचक जाणतात. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा ज्यांनी मंजूर करून घेतला ते तत्कालीन केंद्रीय मंत्री थावरचंद गेहलोत, जे 2021 साली कर्नाटकाचे राज्यपाल झाले, ते याच जिल्ह्याचे. कृत्रिम अवयव बनविणाऱ्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीचे केंद्रही उज्जैनलाच आहे. मग दिव्याखाली तरी उजेड असावा ना?

19 एप्रिल 2017 पासून हा कायदा अमलात आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सवलतींसाठी 40 टक्क्यांची रेषा आखली. परंतु केंद्राचे 2009 चे अपंग निवृत्तिवेतन मागावयास जावे, तर तेथे 80 टक्के अपंगत्व आणि वर दारिद्र्यरेषेखालील असल्याचा दाखला हवा! गुडघ्याखाली पाय गेलेला हमाल या 80 च्या उंबरठ्यावर पोहोचत नाही. एक डोळा कायमचा गमावलेला कारागीर 30 टक्क्यांवरच अडतो आणि 40 लाही मुकतो. पोटाची भूक टक्क्यांत मोजण्याचे यंत्र कोणी शोधले आहे काय? आणि एवढे दिव्य करून केंद्राकडून पदरात पडते काय? 2012 साली ठरलेले महिना 300 रुपये. म्हणजे दिवसाचे दहा!

मध्य प्रदेश सरकारने 40 टक्क्यांच्या अपंगासही आपल्या सामाजिक सुरक्षा योजनेत घेतले व 2019 मध्ये 300 चे 600 रुपये केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण वृद्ध, विधवा आणि अपंग या तिघांच्या हाती तोच 600 चा आकडा ठेवण्यात आला. कायद्याचे कलम 24 स्वच्छ सांगते की, अपंगांस मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनेहून निदान 25 टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. म्हणजे 600 च्या जागी 750 हवेत, केंद्राच्या 300 च्या जागी 375 हवेत. हे दीडशे आणि पंचाहत्तर रुपये दान नव्हेत. ते अपंगांचे सरकारकडे असलेले येणे आहे. कर्जदाराने आपल्याच सहीचा कागद नाकारावा, त्यातला हा प्रकार झाला.

प्रमाणपत्राची कथाही निराळी नाही. पूर्वी ते एका महिन्यात देण्याचे बंधन होते. 2024 च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिन्यांची झाली. ज्यास रुग्णालयाच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यालाच अधिक खेपा घालावयास लावणे, यास सुधारणा म्हणावे की थट्टा?

आमची मागणी सरळ आहे. केंद्राने निवृत्तिवेतनासाठी 80 ची अट काढून आपल्याच कायद्याची 40 ची रेषा मानावी. 25 टक्के अधिक रक्कम द्यावी. प्रमाणपत्राची मुदत पुन्हा एक महिन्यावर आणावी. हा कायदा उज्जैनला एक आणि आमच्या सीमाभागाला दुसरा नाही. म्हणून वाचकांसही आमचे सांगणे आहे की, आपल्या गल्लीतील अपंग बांधवास घरी बसू देऊ नका. त्याचा अर्ज भरून द्या, त्याच्याबरोबर रुग्णालयात जा. प्रमाणपत्र नाकारल्यास कारणे लेखी मागा आणि नव्वद दिवसांच्या आत अपील करा. आम्हांस दया नको, न्याय हवा, असे ज्या दिवशी अपंग बांधव एकमुखाने म्हणतील आणि समाज त्यांच्या पाठीशी उभा राहील, त्या दिवशी सरकारला हा तराजू खाली ठेवावाच लागेल!