छत बसलंय, यार!

"नारळ पडला असणार गं, दुसरं काय!" हे आत्याचं डायग्नोसिस. दादाचं वेगळं. "गाडी म्हातारी झालीय. भंगारवाल्याला बोलवू आणि मोकळे होऊ."

मी गप्प. का गप्प, ते सांगते. पण आधी गाडीबद्दल.

काही वर्षांपूर्वी दादानं आणि मी मिळून एक सेकंडहॅन्ड टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. (ट्रॅव्हलर १९८७ पासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि तिचा मूळ साचा मर्सिडीजचा आहे, हे दादा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. चहा यायच्या आत.) एका गॅरेजकडून तिचं छत उंच करून घेतलं, आत दोन बंक, छोटा ओटा, सिंक. झाली आमची कॅम्पर! बोरिवलीच्या सोसायटीत स्कूटरला जागा मिळत नाही, तिथे ही कुठे लावणार? म्हणून ती शिरगावला, आत्याच्या वाडीत. शुक्रवारी ऑफिसमधून सुटायचं, डहाणू लोकलनं पालघर, तिथून रिक्षा, आणि रात्री साडेदहाला सुरूच्या बनातून येणारा वारा खात गाडीत आडवं व्हायचं. ज्यांचा मंडे मॉर्निंग रिव्ह्यू असतो त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

तर या मार्चमध्ये दार उघडलं आणि आत कुबट वास. वर बघितलं तर सीलिंगला पोट आलेलं. चांगलं चार बोटं खाली. मधोमध चहाच्या रंगाचा डाग.

दादाचा हिशेब साधा होता. पुढच्या वर्षी गाडीला १५ वर्षं पूर्ण होतायत. त्यानंतर तपासणीला न्यायची, पास झाली तर रजिस्ट्रेशन पुढची ५ वर्षं. असलं लोंबतं छत घेऊन कोण पास करणार? शिवाय त्याची दोन्ही पोरं वरच्या बंकवर झोपतात. "झोपेत अंगावर आलं तर?" यावर मी काय बोलणार!

मी फक्त एक महिना मागितला.

पहिली ट्रायल नवऱ्याची. सिलिकॉनच्या तीन ट्यूब आणल्या आणि वर चढून दिसेल त्या फटीत भरल्या. फोटोबिटो काढले. ही चूक करू नका, बॉस! सिलिकॉननं गळती कुठून होते ते कळायचं बंद होतं, पण गळती बंद होईलच असं नाही. आणि नंतर त्यावर ना रंग धरत, ना फायबर. ते सगळं ब्लेडनं खरवडून काढायला आमचा अख्खा रविवार गेला.

मग आत्याच म्हणाली, "अगं, सातपाटीला होड्यांना फायबर मारतात ना? त्यांना विचार की."

सातपाटी शिरगावच्या शेजारीच. आपल्याला ते माहीत असतं पापलेटसाठी. पण जिथे एवढ्या मासेमारी नौका, तिथे त्यांची दुरुस्ती करणारेही असतात, आणि पाणी आत येऊ न देणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. कॅम्परचं छत दुरुस्त करणारा माणूस मी मुंबईभर शोधत होते आणि तो होता रिक्षाच्या अंतरावर!

फायबरवाले काका आले. छतावर चढले नाहीत. आधी गाडीच्या मागे उभे राहून एक डोळा मिटून छताची रेघ बघितली. मग आत येऊन बोटाच्या पेरानं सीलिंग वाजवत गेले. टणटण, टणटण, आणि मध्येच भद्द. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत! चहात बुडवलेला टोस्ट असतो ना, तशी प्लाय झाली होती.

"खोला," काका म्हणाले.

सीलिंग खाली आलं आणि माझं पितळ उघडं पडलं.

उंच छताला आतून लोखंडी सांगाडा असतो. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आडव्या पट्ट्या, वरचं सगळं वजन पेलणाऱ्या. आमच्या छतात मधली पट्टी कापलेली होती. दोन तुटकी टोकं, मध्ये काचेची खिडकी. ती खिडकी माझी आयडिया! पडल्या पडल्या तारे बघायचे होते मला. दादा तेव्हा नको म्हणत होता, तो टूरवर असताना मी गॅरेजवाल्याला परस्पर सांगून ती बसवून घेतली. पट्टी कापावी लागेल हे त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. वर कॅरियर, कॅरियरवर १०० लिटरची पाण्याची टाकी आणि स्टेपनी. आधार कापला आणि वजन वाढवलं. मग छत जरासं दबलं, दबलं म्हणून पावसाचं पाणी साचलं, साचलं म्हणून आणखी दबलं. काकांनी तिथेच हिशेब मांडला. एक मीटर बाय एक मीटरच्या खळग्यात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० लिटर. म्हणजे ५० किलो. जणू माझ्याएवढं एक माणूस पावसाळाभर छतावर बसून होतं.

परदेशात जुन्या मोटरहोमची छतं अशीच बसतात म्हणे, खास करून छतावरच्या एसीखाली. तिथली कित्येक छतं लाकडी सांगाड्याची, त्यामुळे लाकूड कुजणं ही मोठी तक्रार.

त्या रात्री दादाला फोन केला. गाडी म्हातारी झाली म्हणून नाही, मी पट्टी कापून घेतली म्हणून छत बसलं, एवढं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "शनिवारी येतो." फोन कट.

शनिवारी आला. माझ्याशी बोलला नाही, पण ग्राइंडर त्यानंच उचलला.

कुजलेली प्लाय काढणं हे सोपं काम. वाळवणं हे खरं काम, आणि ते कंटाळवाणं. एप्रिलचं ऊन, आत टेबल फॅन, आठ दिवस. मला वाटलं झालं. काकांनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवायला सांगितला. सकाळी त्याच्या आतून दव! म्हणजे अजून ओल. आणखी सहा दिवस. ओलीवर फायबर मारलं तर ते धरत नाही आणि आतल्या आत सडणं चालूच राहतं.

मग उचलायचं. बॉटल जॅक, त्यावर लाकडी टेकू, टेकूवर रुंद फळी. जॅक ठेवायचा तो खालच्या चॅसीवर येईल असा, नाहीतर छत वर जाण्याऐवजी फरशी खाली जाते. दादाला एका झटक्यात उचलायचं होतं. काका म्हणाले, "पाव फेरा, मग चहा. परत पाव फेरा." दोन दिवस लागले. मध्ये दोरी ताणून बघायची, किती आलं. घाई केली तर बाजूचे सांधे तडकतात.

बोईसरला एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपच्या नव्या पट्ट्या करून आणल्या, सरळ नाही, मध्ये दोन बोटं उंच. "होडीचा डेक कधी सपाट बघितलायस का पोरी? पाणी थांबलंच नाही पाहिजे." वर नवी प्लाय, सातशे दहावाली. (दुकानात असंच मागायचं. मरीन प्लायचा तो आयएस नंबर आहे.) मग फायबरची मॅट आणि रेझिन, दोन थर. हे मात्र यूट्यूब बघून घरी करू नका. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर दोन्ही जातात, पण एकात एक थेट ओतले तर भडका उडू शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मगच हार्डनर. काकांच्या दोन बाटल्या वाडीच्या दोन टोकांना होत्या. आणि उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून सगळं काम सकाळी साडेसहाला, थोडं थोडं कालवून.

घाई होतीच. १ जूनला मासेमारी बंदी लागते, नौका किनाऱ्याला ओढल्या जातात आणि काकांकडे रांग लागते. आमचा शेवटचा हात २७ मेला झाला. खर्च? माझ्या एका पगारापेक्षा थोडा कमी, आणि तो मी एकटीनं भरला. टाकी आता बंकखाली गेलीय, स्टेपनी मागच्या दारावर.

खिडकीचं काय? मी म्हटलं, बुजवून टाका. काका बुजवायलाच निघाले होते. दादानंच थांबवलं. "दोन पट्ट्यांच्या मध्ये बसेल एवढी लहान कर, आणि चौकट चार बोटं वर घे." महिन्याभरात माझ्याकडे बघून बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

२०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना सेकंडहॅन्ड कॅम्पर घ्यायचीय. घ्या ना! फक्त मागे उभं राहून एक डोळा मिटून छताची रेघ बघा. आत शिरल्यावर आधी वास घ्या, गाद्या नंतर बघा. आणि छताला खिडकी असेल तर पट्टी कुठे गेली ते विचारा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शिरगावला पहिला मोठा पाऊस झाला. दादा आणि मी दोघं गाडीत बसून होतो, टॉर्च वर रोखून. तास झाला, दीड तास झाला. सीलिंग कोरडं. खिडकीची चौकट कोरडी.

"नारळाच्या झाडाखालून गाडी हलवा आता," बाहेरून आत्या ओरडली.

दादानं टॉर्च खाली केला. दाराच्या जुन्या रबरातून पाणी आत येत होतं, त्याच्या पायाशी छोटं तळं.

"हे पण तूच केलंयस का?" तो म्हणाला.