सार्वजनिक रस्ता, फुकटचा चेहरा



फोटोग्राफीच्या धंद्यात एक वेद आहे. तो सांगतो : रस्ता सार्वजनिक, म्हणून रस्त्यावरचा माणूसही सार्वजनिक. विचारू नकोस. विचारलंस की क्षण मेला. हा वेद मीही घोकला होता.

1994 साली पहिल्यांदा परदेशी गेलो. न्यूयॉर्क. गळ्यात सेकंडहँड कॅमेरा, पिशवीत ट्राय-एक्सचे बारा रोल. थेट हार्लेम गाठलं, 125 वा रस्ता. काळ्यांच्या पँथरवरून आपण 1972 साली नाव घेतलं. तेव्हा हे आपलेच लोक, आपल्यांना काय विचारायचं?

एक म्हातारी रिकामे डबे वेचत होती. दोन हातांवरून मी खटाखट तीन फ्रेम मारल्या. तिनं मान वर केली. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, ''माझे तुला किती मिळतील?''

च्यायला, जीभ टाळूला चिकटली. माझी आजी मुंबईत कागद-काच वेचायची. एक गोरा साहेब तिचा फोटो काढून गेलेला. मरेस्तोवर विचारायची, ''माजा फोटू कुटं गेला रं?'' आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. आणि तिचा नातू हार्लेममध्ये तोच गोरा साहेब होऊन उभा! पुढं त्याच फोटोनं मला नाव दिलं. म्हातारीचं नाव? विचारलंच नव्हतं.

मेरी एलन मार्क ही अमेरिकन बाई 1968 पासून मुंबईच्या फॉकलंड रोडवर कॅमेरा घेऊन जायची. बायका तिच्यावर कचरा फेकायच्या, पाणी फेकायच्या. दहा वर्षांनी, 1978 साली, ती तिथं ठाण मांडून बसली, ओळखी केल्या, तेव्हा कुठं दारं उघडली. 1981 साली पुस्तक निघालं. समीक्षकांनी पुढं काय लिहायचं ते लिहिलं. मी म्हणतो, पहिली समीक्षा त्या बायकांनी पाण्यानं लिहिली होती.

पंडित म्हणतील, विचारून काढलेला फोटो खोटा. मग गॉर्डन पार्क्स बघा. काळा माणूस. 1942 साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसनची त्यानं आधी कहाणी ऐकली. मग तिला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं, हातात झाडू. मेला का फोटो? अजून त्या झेंड्याला घाम फोडतोय.

आणि 'सार्वजनिक' हा शब्द आम्हाला शिकवू नका. महाडचं तळंही कागदावर सार्वजनिकच होतं. तरी ओंजळभर पाण्यासाठी 1927 साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. द्यायची वेळ आली की सार्वजनिकात आम्ही नाही. घ्यायची वेळ आली की आमचा चेहरासुद्धा सार्वजनिक!

पण आज बोट मी तुमच्याकडंच दाखवतोय. तुमच्या खिशात मोबाइल आहे. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो तुम्ही काढता, जगभर फिरवता, लाल सलाम-निळा सलाम घेता. त्याचं नाव विचारलंत? तो फोटो त्याच्या पोरांना दाखवायचाय का, हे विचारलंत? नसेल विचारलं, तर तुम्ही आणि तो गोरा साहेब एकाच जातीचे.

फोटो काढा. जरूर काढा. आपला इतिहास दुसऱ्यांच्या कपाटात कुजलाय. पण आधी नाव विचारा. आणि एक प्रत त्याच्या घरात लागू द्या.

माझ्या आजीची भिंत अजून रिकामीच आहे.