गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका

भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याने ही म्हण रचली त्याने एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात बसून कधी पाहिले नसावे. भुंकणारेही चावतात आणि न भुंकणारेही चावतात. पण या म्हणीपेक्षा जास्त नुकसान करणारे एक वाक्य आहे. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे कुत्रा चावलेला रुग्ण आला, की पाठोपाठ ते वाक्यही दवाखान्यात येते. "डॉक्टर, घरचाच कुत्रा हो! आजवर कधी कुणाला काही केले नाही. अचानकच चावला बघा."

यातला 'घरचाच' हा शब्द खरा असतो. 'अचानक' हा शब्द मात्र बहुतेक वेळा खरा नसतो. चावण्यापूर्वी कुत्र्याने आपल्या परीने तीन-चार वेळा बजावलेले असते. ते आपल्याला कळलेले नसते, एवढेच.

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्यांच्या भानगडीत कशाला पडावे, असे काही वाचक म्हणतील. कुत्रा आजारी पडला तर त्याला पशुवैद्यांकडे नेतात हे खरे. पण तो चावला तर माणसाला माझ्याकडेच आणतात. आणि मलेरियावर लिहिताना डासांवर लिहावे लागते, तसेच हे आहे.

कुत्रा कसा बोलतो?

कुत्र्याला शब्द नाहीत, पण सबंध अंगाने तो बोलत असतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली मनुष्य आणि प्राणी यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर ग्रंथ लिहिला, त्यात कुत्र्याची दोन रूपे बारकाईने वर्णिली आहेत. अंगावर जाण्याच्या बेतातला कुत्रा ताठ, कान पुढे, मानेवरचे केस उभे, शेपूट वर आणि ताठ, नजर रोखलेली. तोच कुत्रा मालकाला पाहताच अंग खाली करून वळवळू लागतो, केस बसलेले, कान मागे, ओठ सैल. ही दोन टोके आपल्याला ओळखता येतात. अडचण मधल्या पायऱ्यांची आहे.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी या पायऱ्यांची एक शिडीच मांडली आहे. अगदी खालच्या पायरीवर कुत्रा जांभई देतो, डोळे मिचकावतो किंवा स्वतःचे नाक चाटतो. झोप आलेली नसताना जांभई आणि समोर खाणे नसताना जीभ, याचा अर्थ 'मला हे नकोसे होते आहे' असा असू शकतो. त्यावर आपण थांबलो नाही तर तो तोंड फिरवतो, मग अंग फिरवतो, मग उठून दूर जातो. जायला जागा नसेल तर कान मागे पाडून अंग चोरतो, शेपूट पायांत घालतो. तेवढ्यानेही भागले नाही तर ताठ होतो आणि टक लावून पाहतो. त्यानंतर गुरगुरणे, मग हवेत दात मारणे आणि सर्वांत शेवटी चावा. प्रत्येक कुत्रा सगळ्या पायऱ्या चढतोच असे नाही. ज्याचे ऐकले जात नाही, तो पायऱ्या गाळायला शिकतो.

मागे एक पाच वर्षांची मुलगी गालावर चावा घेऊन आली. घरातला पामेरियन, दोघेही एकत्र वाढलेले. जखम धुऊन झाल्यावर मी तिच्या आजीला विचारले, "आजी, चावायच्या आधी कुत्रा काय करत होता?"

"काही नाही हो डॉक्टर. शांत पडला होता. ही त्याच्या गळ्यात पडली. तो आपला जांभया देत होता, तोंड फिरवत होता. मग उठून कॉटखाली जाऊन बसला. ही गेली मागोमाग, त्याला ओढायला. आणि अचानक चावला मेला!"

आजींनी स्वतःच्या तोंडाने तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. जांभई, तोंड फिरवणे आणि निघून जाणे. कॉटखाली गेल्यावर पुढे भिंत होती. कुत्र्याचा शब्दकोश तिथे संपला.

गळ्यात पडणे हे आपले प्रेम. कुत्र्यांमध्ये मात्र असे कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही. त्याला तो पकडल्यासारखा प्रकार वाटू शकतो. पुष्कळ कुत्रे आपल्या माणसांसाठी तो सहन करतात. सहन करणे आणि आवडणे यांतला फरक संसारी माणसाला वेगळा सांगायला नको.

गुरगुरणे हा गुन्हा नव्हे

कुत्रा गुरगुरला, की आपण काय करतो? चप्पल उचलतो. 'मालकावर गुरगुरतोस?' म्हणून एक फटका ठेवून देतो. आठ-दहा वेळा असे झाले, की कुत्रा गुरगुरणे बंद करतो आणि घरातली मंडळी सांगतात, "आता अगदी सुधारला बघा."

हा कुत्रा सुधारलेला नाही. त्याची भीती किंवा वेदना होती तिथेच आहे. फक्त ती सांगण्याची वाट आपण बंद केली. मधुमेहाच्या काही रुग्णांचे पाय बधिर होतात हे तुम्हांला ठाऊक असेल. चपलेत खडा शिरला तरी कळत नाही, दुखत नाही, म्हणून रुग्ण खूश असतो आणि पाय उघडून पाहावा तो जखम हाडापर्यंत गेलेली. गुरगुरणे हे घरातले असे दुखणे आहे. ते ऐकू येते आहे तोवर वेळ हातात आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. मूल तिथून बाजूला घ्यावे, कुत्र्याला मोकळी वाट द्यावी आणि तो कशावर गुरगुरला ते शांतपणे शोधावे. ताटलीजवळ गेले की गुरगुरतो? मग खाताना त्याला एकटे सोडावे. कान धरला की गुरगुरतो? मग कान पशुवैद्यांना दाखवावा.

शेपूट आणि 'चोरटा' चेहरा

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हाही असाच एक समज. शेपूट हलते याचा अर्थ कुत्र्याच्या मनात काहीतरी चालले आहे, एवढाच. इटलीतील शास्त्रज्ञांना २००७ साली असे आढळले, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकून हलते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डाव्या अंगाला. हा फरक आपल्या डोळ्यांना सहज दिसणारा नाही. आपण एवढे पाहावे, की शेपटीबरोबर सारे अंग सैल होऊन डुलते आहे, की अंग ताठ आणि शेपूट तेवढी वर थरथरते आहे? दुसऱ्या प्रकारातील कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवू नये.

तसेच त्या 'चोरट्या' चेहऱ्याचे. चप्पल कुरतडली, आपण घरी आलो, ओरडलो. कुत्रा कान पाडून डोळे चुकवतो. आपण म्हणतो, पाहा, चूक कळते त्याला! न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने रागावल्यावर कुत्र्याने तो चेहरा केला, मग त्याने काही केलेले असो वा नसो. म्हणजे तो कबुलीजबाब नसून 'आता रागावू नका' ही विनवणी आहे. विनवणी करणाऱ्याला आपण आणखी दोन रट्टे देतो आणि मग तो हात पाहिला की दात दाखवायला लागतो.

वागणे बदलले, तर

वर्षानुवर्षे प्रेमळ असलेला कुत्रा एकाएकी चिडका झाला, तर आधी दुखणे शोधावे. कानातला संसर्ग, दुखरा दात, म्हातारपणीचे सांधे, कमी झालेली नजर. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येते. झोपेत हात लावला तर तो दचकून चावतो. त्याला उठवायचे तर लांबून हाक मारावी, पाय आपटावा.

मात्र वागण्यातील बदल हे रेबीजचेही लक्षण असते. कुत्रा कोपऱ्यात, अंधारात लपू लागला, आवाज बदलला, लाळ गळू लागली, जबडा लोंबू लागला, लाकूड-चिंध्या चावू लागला, तर त्याच्या तोंडात हात घालून 'हाड अडकले का' हे पाहू नये. पशुवैद्यांना कळवावे. 'तो पाणी पितो आहे, म्हणजे पिसाळलेला नाही' हा समज चुकीचा आहे. पाण्याची भीती हे माणसातील रेबीजचे लक्षण होय. पिसाळलेला कुत्रा पाणी पिऊ शकतो.

चावलाच, तर

कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, तिखट, चुना, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये, जखम बांधू नये आणि टाके घालण्याचा आग्रह धरू नये. नंतर त्याच दिवशी डॉक्टरकडे यावे. पोटात चौदा इंजेक्शनांच्या भीतीने अजूनही काही जण घरी बसतात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद झाली आहे. आताची लस दंडात, लहान मुलांना मांडीत देतात. स्नायूत द्यायची असल्यास ० (म्हणजे पहिला दिवस), ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, त्वचेत द्यायची असल्यास ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलेल्या चाव्याला याशिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन भरावे लागते. लसीला गुण यायला काही दिवस लागतात, तोवरचे संरक्षण यानेच मिळते. चावणारा कुत्रा मारून टाकू नये. दहा दिवस नजरेखाली ठेवावा. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढील डोस कमी करता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. वाट पाहत उपचार लांबवू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. मुले उंचीने कुत्र्याच्या तोंडाशी असतात आणि कित्येकदा मार बसेल म्हणून चावा लपवतात. घरात एवढी खात्री मुलाला असायलाच हवी, की कुत्रा चावल्याचे सांगितले तर आई-बाबा रागावणार नाहीत.

घरात कुत्रा आणि लहान मूल दोन्ही असतील तर चार नियम पाळावेत. दोघांना मोठ्या माणसाच्या देखरेखीवाचून एकत्र सोडू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याजवळ मुलाने जाऊ नये. कुत्र्याला मुलाच्या हाती न लागणारी एक जागा असावी, मग ते कॉटखालचे पोते का असेना, आणि तिथे गेलेल्या कुत्र्याला कोणीही ओढू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर मुलाने पळू नये, हात अंगाशी धरून झाडासारखे उभे राहावे, डोळ्याला डोळा भिडवू नये.

राखणीला म्हणून कुत्रा आणायचा, दिवसभर हातभर साखळीला बांधायचा आणि रात्री भुंकला नाही म्हणून शिव्या द्यायच्या, हा प्रकार आपल्या गावात घरोघर दिसतो. बांधलेल्या कुत्र्याला निघून जाण्याची पायरीच नसते. अशा कुत्र्याने शेजारच्या मुलाला फाडले, तर दोष कुत्र्याच्या जातीला देऊ नये.

आपला कुत्रा आपले पुष्कळ शब्द शिकतो. 'बस', 'ये', 'चल फिरायला' हे तर झालेच. 'आंघोळ' म्हटले की काही पठ्ठे पलंगाखाली गडप होतात. त्याने आपले वीस शब्द शिकावेत आणि आपण त्याची एक जांभई ओळखू नये, हे बरे नव्हे.

तेव्हा आज संध्याकाळी दोन कामे करा. पहिले, कुत्र्याचे लसीचे कार्ड शोधून तारीख पाहा. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी टोचायची असते. तारीख उलटली असेल तर उद्या सकाळीच त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. दुसरे, घरातली मुले त्याच्याशी खेळत असताना पाच मिनिटे मुलांकडे न पाहता कुत्र्याकडे पाहा. तो तोंड फिरवत असेल, नाक चाटत असेल, तर मुलांना हाक मारून म्हणा, "पुरे आता, तो दमलाय."