येता हिमऋतु आणि नवी स्कीची जोडी

मराठवाड्यांतील बहुतेक वाचकांनीं बर्फ पाहिला असेल तो उसाच्या रसाच्या पेल्यांतच. तेव्हां बर्फावरून घसरावयाच्या पट्ट्यांविषयीं आम्हीं ह्या सदरांत लिहावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु नांदेडाहून जम्मूतवीस थेट आगगाडी आहे. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंतही आगगाडी जाऊं लागली. आणि आमच्या परिचयाच्या घरांतील तरुण मंडळी आतां गुलमर्गाच्या गोष्टी करूं लागली आहे. अशाच एका घरीं चिरंजिवांनीं शिक्षणवर्गास जाण्यापूर्वींच नवी जोडी मागवावी कीं काय, असा प्रश्न निघाला. वडिलांस चिंता पैशांची, मातोश्रींस मुलाच्या गुडघ्याची. आमच्या मतें मातोश्रींची चिंता अधिक खरी.

प्रथम पट्टीविषयीं. पूर्वीं स्की सरळ व लांब असे; हात वर करून उभें राहिलें असतां जेथवर पोंचेल तेवढी ती घेत. १९९० नंतरच्या दशकांत मध्यें अरुंद व दोन्हीं टोंकांस रुंद अशी पट्टी प्रचारांत आली. ती कडेवर कलवून दाबली कीं कमानीसारखी वांकते व स्वतःच वळण कापीत जाते. म्हणून हल्लीं हनुवटी ते नाक एवढी उंची शिकाऊ माणसास पुरते. वळणाची त्रिज्या पट्टीवरच मीटरांत छापलेली असते. दाबून सारखा केलेल्या उतारावर मधली रुंदी ७० ते ८० मिलिमीटर बरी. अफरवटाच्या भुसभुशीत बर्फास १०० मिलिमीटर किंवा अधिक लागते. पण तो प्रांत शिकाऊंचा नव्हे. तेथें फेब्रुवारी २०२३ मध्यें हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू मृत्यु पावले.

खरें जोखमीचें अंग म्हणजे बूट व पट्टी ह्यांस जोडणारी कळ. माणूस पडला कीं तिनें बूट सोडून द्यावा. न सोडल्यास ती लांब पट्टी तरफेप्रमाणें पाय पिरगाळते, आणि उगाच सोडल्यास धड चालत्या माणसास पाडते. ती किती ताणावर सुटावी हा आंकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी व कौशल्य इतक्या गोष्टी पाहून ठरवितात. तो जाणत्या कारागिराकडूनच लावून घ्यावा, आणि बूट पालटल्यास पुनः तपासावा. हल्लीं चालावयास सोयीचे, वक्र रबरी तळाचे ‘ग्रिपवॉक’ बूट फार निघाले आहेत. सपाट तळासाठीं केलेल्या जुन्या कळींत ते बसल्यासारखे दिसतात, पण सुटण्याच्या वेळीं अडकूं शकतात. मित्राची जुनी जोडी स्वस्तांत मिळते म्हणून हुरळून जाणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. ह्या कळींमुळें नडगी मोडण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले, गुडघ्याचे आंतील स्नायुबंध तुटण्याचे मात्र तितके झाले नाहींत. हें मातोश्रींपासून आम्हीं लपवून ठेविलें नाहीं.

दुसरा प्रश्न बर्फाचाच. अमरकोशांत हिमास तुषार, तुहिन, प्रालेय अशीं अनेक नांवें दिलीं असून हिमाच्या राशीस ‘हिमानी’ असा निराळा शब्द आहे. स्कीस हिम पुरत नाहीं, हिमानी लागते. आणि तीच अलीकडे दगा देते. जानेवारी २०२४ मध्यें गुलमर्गाचीं कुरणें भर हंगामांत उघडीं पडलीं होतीं. २०२५ च्या फेब्रुवारींतील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावीं मार्चवर ढकलाव्या लागल्या. एप्रिल २०१६ मध्यें ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील लोकांस आकाशावर विसंबून केलेल्या खर्चाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

म्हणून आमचा सल्ला असा कीं, पहिल्या वर्षीं पट्ट्या घेऊंच नयेत. गुलमर्गाच्या सरकारी संस्थेच्या वर्गांत साहित्य मिळतें, बाजारांत भाड्यानेंही मिळतें. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकांत उतरलेल्या आरिफ खान ह्यांच्या वडिलांचें तेथें स्कीच्या सामानाचेंच दुकान होतें. सर्वांस तो योग कोठून? पैसे खर्चावयाचेच असतील तर बुटांवर खर्चावे. पाय ज्याचा त्याचा असतो, पट्टी कोणाचीही चालते. बूट पायांत घालून, पातळ एकच मोजा चढवून, निदान अर्धा तास दुकानांत उभें राहावें. टपालानें मागवूं नयेत.

इतकें सांगूनही चिरंजिवांनीं जोडी आणलीच, तर परतल्यावर ती पुसून कोरडी करावी व तळास आणि पोलादी कडांस मेणाचा जाड थर द्यावा. नाहीं तर आमच्याकडील पावसाळ्यांत कडा गंजल्यावांचून राहात नाहींत. पत्र्याच्या माळ्यावर मात्र ती ठेवूं नये. नांदेडचा वैशाख तेथें मेणही ठेवणार नाहीं. खालच्या खोलींत, पलंगाखालीं, आडवी ठेवावी.